ग्रीकांचे देव, आर्यांचे देव आणि आमची धवलारीण

भिवंडी तालुक्यातील दापोडे येथील एका वाचकबंधूंनी आम्हांस विचारिले आहे की, 'प्राचीन ग्रीकांचा धर्म आणि आपला वैदिक धर्म मूळचे एकच, असे एका व्याख्यानात ऐकिले. मग धवलारणीच्या हातून लग्न लावणारे आम्ही आगरी लोक त्या मूळ धर्माच्या बाहेरचे ठरतो काय?' त्यांच्या घरी मुलीचे लग्न निघाले आहे, आणि धवलारीण गावंढळ दिसते, भटजीच आणा, असा पाहुणेमंडळींनी हट्ट धरिला आहे. प्रश्न एका घरचा असला तरी वखारींनी वेढलेल्या त्या साऱ्या पट्ट्यात आज तो घरोघर आहे, म्हणून येथे जाहीर उत्तर देतो.

व्याख्यात्यांचे अर्धे म्हणणे खरे आहे. ग्रीकांचा 'झ्यूस पिता' आणि ऋग्वेदातील 'द्यौष्पिता' हे शब्द एकाच मुळातून निघाले. ग्रीकांची पहाटदेवी एऑस ही आपल्या उषेची शब्दाने सख्खी बहीण. झ्यूसच्या हाती वीज, इंद्राच्या हाती वज्र. दोघेही अग्नीत आहुती टाकीत, आणि दोघेही देवाला पशू मारीत. होमरच्या काव्यातील वीर बैल कापतात, वेदांतील राजे अश्वमेध करितात. हे शेवटचे साम्य व्याख्यानात का गाळले जाते, ते वाचकांनी ओळखावे.

पण देवांची नावे जुळली म्हणजे धर्म एक झाला काय? खरी गोष्ट वेदीवर कोण आहे यापेक्षा वेदीपाशी कोण उभा आहे, ही. ग्रीकांत घरचा यज्ञ घरधनी करी, रणावरचा सेनापती करी. देवळातील पुजारीपण हा नगराचा एक हुद्दा असे. कोठे तो चिठ्ठ्या टाकून मिळे, कोठे निवडून, आणि आशिया मायनरच्या काही नगरांत तर चक्क लिलावात विकत मिळे! काही पुजारीपदे घराण्यात चालत, हेही खरे. अथेन्समध्ये अथीनादेवीची मुख्य पुजारीण एका ठराविक कुळातली असे. परंतु ती पुजारीण होती, बाई होती, हे आमच्या पंडितांनी नीट ऐकावे. एल्यूसिसच्या गुप्त दीक्षेस ग्रीक बोलणाऱ्या गुलामालाही मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो हाताला माणसाचे रक्त लागलेल्याला. होमरचे काव्य उत्सवात भर लोकांत म्हटले जाई. आणि आमच्याकडे? गौतमाच्या धर्मसूत्राने वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापले शिसे ओतण्याची शिक्षा लिहून ठेविली!

प्लेटोचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. देवाने कोणाच्या अंगात सोने मिसळले, कोणाच्या रुपे, कोणाच्या लोखंड नि पितळ, असे लोकांस सांगावे म्हणजे राज्य सुरळीत चालेल, हे त्यानेही सुचविले. मात्र ही बनविलेली कथा आहे हे तो आपल्या तोंडाने कबूल करितो, आणि पितळेच्या बापाला सोन्याचे पोर झाले तर त्याला वर चढवावे असेही सांगतो. ऋग्वेदाच्या १० व्या मंडळातील पुरुषसूक्त विद्वान मागाहूनचे मानतात. त्यातील मुख, बाहू, मांड्या व पाय यांची कथा मात्र आमच्याकडे ईश्वराची वाणी ठरली, आणि पुढच्या स्मृतिकारांनी पायाचा मनुष्य जन्मभर पायाशीच ठेविला.

आम्ही ग्रीकांची आरती ओवाळीत नाही. त्यांच्या शेतांत व खाणींत गुलाम राबत, त्यांच्या सभेत बाईला मत नव्हते, आणि इ.स.पू. ३९९ मध्ये त्यांनी सॉक्रेटिसाला विष पाजिले. परंतु ज्यांना आज ग्रीकांच्या भाऊबंदकीचा एवढा अभिमान वाटतो, त्यांनी मनुस्मृतीचा १० वा अध्याय उघडावा. तेथे यवनांना, म्हणजे याच ग्रीकांना, ब्राह्मणांचे दर्शन सुटल्यामुळे शूद्रत्वास गेलेले क्षत्रिय म्हटले आहे. म्हणजे मनूच्या पंगतीत झ्यूसचे भक्त आणि आमचे कुणबी-आगरी एकाच पानावर! त्या काळी कल्याण बंदरातून परदेशांशी व्यापार चाले. कार्ल्याच्या लेण्यात खांब दान करणाऱ्या यवनांची नावे आजही कोरलेली आहेत. ते दान त्यांनी बुद्धाच्या संघाला दिले. यज्ञमंडपात त्यांना कोण शिरू देणार होते?

आता लग्नाकडे येऊ. अथेन्समधील लग्नात बाप मुलगी देण्याचे शब्द बोले, नवरीला आणलेल्या पाण्याने न्हाऊ घालीत, रात्री वरात निघे, नवरीची आई हातात मशाल घेऊन चाले, आणि सोबती लग्नाची गाणी म्हणत. लग्न लावायला पुरोहित लागत नसे. आमच्या आगरी-कोळ्यांच्या मांडवात विधीविधीला धवले गाणारी धवलारीण दिसते. तिच्यापुढे पोथी नाही. सारे तोंडपाठ, तेही वऱ्हाडाला कळेल अशा बोलीत. 'धवळे' हा शब्दही हलका नव्हे. मराठीची आद्य कवयित्री महदंबा हिने १३ व्या शतकात जी लग्नगीते रचिली, त्यांचे नाव 'धवळे' हेच! तेव्हा मूळ धर्माशी साम्यच शोधायचे असेल तर ते संस्कृत न कळता अक्षता फेकणाऱ्या पाहुण्यांपेक्षा धवलारणीपाशी अधिक सापडेल. जोतीरावांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून भटजीवाचून लग्ने लावण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांना केवढा विरोध सोसावा लागला! तुमच्या आज्या-पणज्यांनी ती गोष्ट गाजावाजा न करता केली, आणि तुम्ही तीच लाजून टाकणार?

राहिला कायद्याचा बाऊ. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे वधू किंवा वर यांपैकी कोणत्याही पक्षाच्या रूढीप्रमाणे लग्न लाविता येते. सातव्या पावलाची अट आहे ती सप्तपदी ज्यांच्या रूढीत आहे त्यांनाच. ब्राह्मण पुरोहित असावा, असे त्या कलमात एक अक्षर नाही. पाहुण्यांना ते वाचून दाखवावे. धवलारणीकडे मात्र निरोप आगाऊ धाडावा. त्या बाया आता गावोगाव राहिलेल्या नाहीत.