आधी सामू, मग जिप्सम



यंदाच्या गट मेळाव्यांत एकच तक्रार आमच्या कानावर पुन्हा पुन्हा आली. "साहेब, जिप्सम उधारीवर द्यायचं कबूल केलंत, मग मातीचा रिपोर्ट आणा म्हणून अडवता कशाला? रान चोपण झालंय ते डोळ्यांनी दिसतंय की!" काहींनी तर हे नुसते कागदी घोडे आहेत असेही ऐकवले. मेळाव्याच्या गडबडीत याचे नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते येथे देत आहोत. आमचे मत स्पष्ट आहे : सामू आणि क्षार तपासल्याशिवाय जिप्समची चिठ्ठी फाडू नये.

सामू म्हणजे आम्ल-विम्ल निर्देशांक. प्रयोगशाळेत त्याला पीएच म्हणतात. डेन्मार्कच्या सोरेनसेन या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग बियर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ही मोजपट्टी बसवली. पाण्यात हायड्रोजनचे विद्युतभारित कण किती आहेत, ते हा आकडा सांगतो. कण जास्त तर आकडा लहान आणि पदार्थ आंबट. कण कमी तर आकडा मोठा. मध्ये ७ हा उदासीन. लिंबाचा रस दोन-अडीचला, ताजे दूध साडेसहाच्या थोडे पुढे, चुन्याची निवळी बाराच्या वर.

येथे एक गोम आहे. ही पट्टी फुटपट्टीसारखी नाही. एक आकडा पुढे सरकला की फरक दहापट होतो. सामू ८ आणि सामू ९ म्हणजे उन्नीस-बीस नव्हे, दहापट. ७ आणि ९ मध्ये शंभरपट. म्हणून रिपोर्टवर ८.१ आहे की ९.१, याकडे "एकाचाच तर फरक" म्हणून पाहू नये.

आता रानाकडे येऊ. आपली काळी जमीन मुळात चुनखडीची. तिचा सामू आठ-सव्वाआठ निघाला तर त्यात नवल नाही, आणि त्यासाठी जिप्समही लागत नाही. कॅल्शियम तिथे उदंड आहे. अशा रानात खोडव्यावर केवडा पडतो तो बहुधा लोह पिकाला उचलता येत नाही म्हणून. त्याला हिराकस शेणखतात मुरवून द्यावे लागते.

दुसरे रान खारवट. उन्हाळ्यात वर पांढरी खार फुटते, क्षार भरपूर, पण सामू साडेआठच्या आत. त्यावर उपाय म्हणजे चर काढणे आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन खाली काढणे. तिथे नुसते जिप्सम टाकणे म्हणजे खारात आणखी खार.

तिसरे रान खरे चोपण. सामू साडेआठच्या वर, कधी नऊच्याही पुढे. मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. ओली असता चिकट, वाळली की दगड, पाणी वरच डबकून राहते. जिप्सम लागते ते येथे. त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो. पण हुसकावलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जायला चर हवाच, नाहीतर तो तिथेच मुक्काम ठोकतो.

तिन्ही रानांत ऊस पिवळाच दिसतो. डोळ्यांना दिसते ते दुखणे. कारण सांगतो तो आकडा.

यात आमचीही चूक आहे, ती कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्याच शेतकी खात्याने पिवळा ऊस दिसला की "जिप्सम टाका" असा सरसकट सल्ला दिला. एका पाटाखालची, बांधाला बांध लागून असलेली दोन राने आम्हांला आठवतात. दोघांनीही सारखेच जिप्सम टाकले. एकाचे रान सुधारले, दुसऱ्याचे होते तसेच राहिले, आणि बिलातून कपात मात्र दोघांचीही झाली. मागाहून माती तपासली तेव्हा एकाचा सामू ९.२ आणि दुसऱ्याचा ८.१ निघाला. तो पैसा सभासदाचा गेला, आमचा नाही. तेव्हापासून आम्ही रिपोर्ट मागतो.

आणखी एक गोष्ट पाहा. आपल्या कारखान्यात मिश्र रसाचा सामू सव्वापाच-साडेपाचच्या आसपास असतो. चुना आणि गंधकाचा धूर देऊन तो सातच्या आसपास आणतात. रस आम्ल राहिला तर उष्णतेने साखर मोडते. चुना जास्त झाला तर रंग चढतो. म्हणून प्रत्येक पाळीत हा आकडा सतत पाहावा लागतो. आकडा न पाहता कारखाना एक पाळी चालवा म्हटले तर आपण सर्वच सभासद वार्षिक सभेत उभे राहू. मग रान वीस-वीस वर्षे आकड्यावाचून कसे चालवतो?

पण आकडा खरा हवा तर नमुना खरा हवा. प्रयोगशाळेत एक भाग माती अडीच भाग शुद्ध पाण्यात ढवळून त्यात काचेची कांडी बुडवतात. त्याआधी यंत्र ठाऊक सामूच्या द्रावणात लावून घेतात. एवढी काळजी घेऊनही, तुम्ही बांधाकडेची किंवा उकिरड्याजवळची माती आणलीत, किंवा युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरलीत, तर आकडा खोटाच येणार. चोपण पट्टा आणि चांगले रान यांची माती एकत्र करू नका. तो आकडा दोन्हींपैकी कोणाचाच नसतो. पट्ट्याचा नमुना वेगळा द्या. प्रत्येक नमुन्यासाठी पंधरा-वीस ठिकाणी फूटभर खोल खड्डा घ्या, कडेची माती वरपासून खालपर्यंत तासा, सावलीत वाळवा, मिसळून अर्धा किलो कापडी पिशवीत आणा.

रिपोर्ट हातात पडायला फार दिवस लागतात, ही तक्रार मात्र खरी आहे. ती दूर करणे आमचे काम. सामू आणि क्षार ही दोन्ही मापे पाण्यात भिजवलेल्या मातीवर त्याच दिवशी होतात. बाकीच्या तपासण्यांसाठी ती अडवून ठेवू नयेत, असा आग्रह आम्ही संचालक मंडळाकडे धरणार आहोत.

तोड झाली की खत टाकण्यापूर्वी पिशवी गट ऑफिसात पोचवा. आकडा जिप्सम म्हणाला तर चिठ्ठी लगेच मिळेल. नाही म्हणाला तर तुमचे पैसे वाचले असे समजा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते