फीत कापणारे पुष्कळ, नट आवळणारे कोण?

४ जुलै २०२५ रोजी शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरून संवाद साधला. देशाला त्याचा आनंद झाला आणि तो रास्तच होता. परंतु अशा बातम्यांत एक पात्र सहसा अनुपस्थित असते : आकाशातील त्या चालत्या बिंदूकडे तोंड वळवून ठेवणारा अँटेना, आणि त्याला वळवणारा रोटेटर.

अवकाश स्थानक सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने जाते. एका ठिकाणाहून ते एका फेरीत जेमतेम दहा मिनिटे टप्प्यात असते. डोक्यावर असताना त्याचे अंतर सुमारे ४२० किलोमीटर, तर क्षितिजावर असताना सुमारे २,३०० किलोमीटर. अंतर साडेपाचपट वाढले की संदेशाची शक्ती तीसपट घटते. म्हणूनच क्षीण संदेश टिपणारी स्थानके दिशादर्शी यागी अँटेना वापरतात आणि तो आडव्या व उभ्या अशा दोन्ही अक्षांवर फिरवतात. रोटेटरचे दाते झिजले, वाऱ्याने नळी क्लॅम्पमध्ये चाळीस अंश सरकली, तर संगणकाच्या पडद्यावर सारे आलबेल दिसते आणि अँटेना भलत्याच आकाशाकडे पाहत राहतो.

देशातील अनेक शिक्षणसंस्थांना नेमके हेच उमगलेले नाही. भूस्थानकासाठी अनुदान मिळते, मनोरा उभा राहतो, पाहुणे येतात, फीत कापली जाते. दोन पावसाळ्यांनंतर कनेक्टरमध्ये पाणी शिरते, ज्या विद्यार्थ्यांनी तो उभारला ते पदवी घेऊन निघून जातात, आणि गच्चीवर उरतो गंजलेला सांगाडा. ५ मे २००५ रोजी प्रक्षेपित झालेला ‘हॅमसॅट’ २०१४ पर्यंत हौशी रेडिओप्रेमींचे संदेश वाहत राहिला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ जून २०१६ मध्ये कक्षेत गेला. कक्षेतील उपग्रह बिघडला तर तेथे पाना घेऊन कोणी जाऊ शकत नाही. गच्ची मात्र एका जिन्यावर असते. तरीही तेथील यंत्र निव्वळ दुर्लक्षाने मरावे, ही गरिबी नव्हे, वृत्ती आहे.

या वृत्तीचा पहिला बळी असतो हिशेब. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागानुसार तो, न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये, वेगाच्या वर्गाच्या ०.६ पट धरतात. त्याच मानकात बेंगळुरूसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३३ मीटर आणि चेन्नईसाठी ५० मीटर आहे. म्हणजे दाब अनुक्रमे सुमारे ६५० आणि १,५००. बेंगळुरूच्या गच्चीवरील आराखडा जसाच्या तसा चेन्नईत उभारला, तर त्याला सव्वादोनपट भार सोसावा लागेल. चेन्नईत एक चौरस मीटर पृष्ठभागावर दीडशे किलो वजनाइतका आडवा रेटा येतो, आणि मनोऱ्याच्या उंचीमुळे तो पायाशी आणखी प्रबळ होतो. हे गणित बारावीचे आहे. तरीही मनोरा ‘मागच्या वेळी होता तसाच’ उभारला जातो.

दुसरा बळी असते रसायनशास्त्र. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमची नळी आणि पोलादी बोल्ट एकमेकांना भिडले की त्यांची बॅटरीच बनते, आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. तिसरा बळी असते विद्युतशास्त्र. मनोऱ्याचे अर्थिंग आणि इमारतीचे अर्थिंग जोडलेले नसेल, तर वीज पडताना दोहोंमध्ये हजारो व्होल्टांचा फरक निर्माण होतो, आणि तो फरक मिटवण्याची वाट विद्यार्थ्याच्या टेबलावरील रेडिओतून जाते.

सर्वांत गंभीर प्रश्न मात्र माणसाचा आहे. हौशी रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेत रेडिओचा सिद्धान्त विचारतात, नियम विचारतात. मनोऱ्यावर चढण्याची परीक्षा कोणी घेत नाही. मग कमरेला दोरी गुंडाळून वर जातो तो सर्वांत उत्साही विद्यार्थी, किंवा जवळच्या दुकानातून बोलावलेला वायरमन. पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा नाही, खाली लक्ष ठेवणारा दुसरा माणूस नाही, शेजारून गेलेल्या वीजवाहिनीपासून मनोऱ्याच्या उंचीहून अधिक अंतर राखलेले नाही. मनोरा कलला आणि तारेला टेकला, तर त्याला धरणारे सगळेच विजेच्या वाटेत येतात. यास धाडस म्हणणे हा धाडसाचा अपमान आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की आता इंटरनेटवर दूरची ग्राहक स्थानके सर्वांना खुली आहेत, तेव्हा स्वतःचा मनोरा कशाला? परंतु त्या जाळ्यातील प्रत्येक स्थानक कोणाच्या तरी छपरावर उभे आहे आणि कोणीतरी त्याचे नट आवळते आहे. सर्वांनीच दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरायचे ठरवले तर विहीर खणणार कोण? दुसरा आक्षेप असा, की देखभाल म्हणजे संशोधन नव्हे. त्याचे उत्तर याच देशातील दोन दुर्बिणी देतात.

उटीची रेडिओ दुर्बीण १९७० पासून कार्यरत आहे. ५३० मीटर लांबीचा हा सांगाडा अशा डोंगरउतारावर बसवला, की त्याचा उतार त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका, सुमारे ११ अंशांचा आहे. त्यामुळे दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो आणि आकाशाचा मागोवा घेण्यास एकाच अक्षाभोवतीचे फिरणे पुरते. नारायणगावजवळच्या जीएमआरटीसाठी गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाचे तीस अँटेना भरीव पत्र्याचे न करता तारांच्या जाळीचे केले, म्हणजे वारा आरपार निघून जावा. वारा, गंज आणि फिरणारे सांधे यांचा विचार तेथे विज्ञानाचा भाग होता. उलट उदाहरण परदेशात आहे. पोर्टो रिकोच्या अरेसिबो दुर्बिणीची एक केबल ऑगस्ट २०२० मध्ये निसटली, दुसरी नोव्हेंबरमध्ये तुटली आणि १ डिसेंबरला सुमारे ९०० टनांचा मंच खालच्या तबकडीवर कोसळला. जगप्रसिद्ध दुर्बिणीचे आयुष्यही केबलच्या टोकाशी असलेल्या सांध्यावर टांगलेले असते.

म्हणून अनुदान देणाऱ्यांनी मनोऱ्याच्या किमतीबरोबर पुढील दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद मागावी आणि ती नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा. शक्य तेथे खाली कलवता येणारा मनोरा उभारावा, जेणेकरून चढण्याची वेळच कमी येईल. प्रत्येक मनोऱ्याची नोंदवही असावी : पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर ताणतारा, बोल्ट, अर्थिंग, केबल आणि रोटेटरचा शून्य अंश कोणी तपासला, त्याची सहीनिशी नोंद. सुरक्षापट्टा आणि दुसरा माणूस नसेल तर कोणीही वर जाऊ नये, मग उपग्रह डोक्यावर येत असला तरी. आणि हे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला श्रेयांक मिळावेत, तंत्रज्ञाचे नाव शोधनिबंधात यावे.

अवकाशातून आलेला आवाज ऐकून मुले विज्ञानाकडे वळतात, हे खरे आहे. तो आवाज मुलांच्या कानापर्यंत पोहोचतो, कारण कोणीतरी मे महिन्याच्या उन्हात एक नट आवळून ठेवलेला असतो. त्या हाताला ज्या संस्थेच्या अंदाजपत्रकात जागा नाही, तिने भूस्थानकाचे उद्घाटन करू नये.