आरशावर राग कशाला?

पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या ‘पिसा’ या जागतिक चाचणीच्या २००९च्या फेरीत भारतातर्फे तामिळनाडू व हिमाचल प्रदेश उतरले. गणितात ७४ सहभागींत क्रमांक आले ७२वा व ७३वा. विज्ञानात हिमाचल शेवटचा. प्रश्न आपल्या परिस्थितीशी विसंगत होते, असे कारण देऊन पुढे आपण अंग काढून घेतले. २०२२मध्ये चिमुकले सिंगापूर गणित, विज्ञान, वाचन तिन्हींत पहिले आले. भारत यादीतच नव्हता.

वस्तुतः ही चाचणी घोकंपट्टी नव्हे, शिकलेले व्यवहारात वापरता येते का, हे पाहते. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त भुंगे, हंस, कमळे घेऊन निराळे काय केले होते? त्यांचा वारसा व्यासपीठावरून सांगणाऱ्यांना (त्यांत आम्हीही आलो) परकीय प्रश्नपत्रिकेची धास्ती शोभत नाही. केंद्राने पुढील फेरीत नाव नोंदवावे आणि निकाल लागेल तसा पालकांपुढे ठेवावा.