बाटलीतील साक्ष

नदीची प्रकृती कशी आहे, असे विचारले असता सरकारदरबारी एक तक्ता पुढे केला जातो. त्यात विरलेला ऑक्सिजन लिटरमागे 5 मिलिग्रॅमहून कमी नाही आणि जैवरासायनिक ऑक्सिजनमागणी 3 मिलिग्रॅमहून अधिक नाही, एवढे आढळले की नदी निरोगी असल्याचा फैसला होऊन दप्तर बांधले जाते. या पद्धतीचे कैवारी म्हणतात की आकडा कोणाची भीड धरीत नाही. खरे आहे, परंतु विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर तो देतो, असे मात्र नव्हे. ही इयत्ता उघड्यावर स्नान करणाऱ्या माणसासाठी ठरविलेली आहे. नदीची प्रकृती विचारावी आणि न्हाणाऱ्याची सोय सांगावी, असा हा प्रकार झाला.

शिवाय बाटली जबानी देते ती भरल्या घटकेची. सांडपाण्यावर माजलेल्या हिरव्या पाण्यातील शेवाळ उन्हात ऑक्सिजन निर्माण करते आणि रात्री तेच तो खाऊन टाकते. म्हणून दुपारी अव्वल ठरलेल्या डोहात पहाटे मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडमीट करताना दिसतात. त्या वेळी नमुना घेणारा कर्मचारी, बिचारा, घरी झोपलेला असतो. मध्यरात्री ओढ्यात सोडलेले कारखान्याचे पाणीही त्याच्या येण्याची वाट पाहत थांबत नाही.

थांबतात ते दगडाखालचे रहिवासी. सह्याद्रीतील एखाद्या वाहत्या ओढ्यातला दगड उलथून पाहावा: पोटाच्या दोन्ही अंगांना पिसांसारखे कल्ले हलवीत, शेपटीचे तंतू फाकवून, चपटा किडा झरकन् पलीकडे सरकतो. पंख फुटल्यावर तो जेमतेम एक-दोन दिवस जगतो. तत्पूर्वीचे आयुष्य मात्र त्याने तेथेच, आलेगेले सारे पाणी सोशीत काढलेले असते. उलट जेथे गाळ कुजतो तेथे हा नाहीसा होऊन, रक्तातील हिमोग्लोबिनच्या बळावर अल्प ऑक्सिजनात तगणाऱ्या तांबड्या अळ्या मातू लागतात. जर्मनीत कोल्कविट्झ व मार्सोन यांनी 1908-09 मध्येच अशा जीवांवरून नदीच्या मलिनतेच्या पायऱ्या लावल्या होत्या.

“किडे मोजणे हे छांदिष्टांचे काम, त्याने कारभार चालत नाही,” हा आक्षेप तर अगदीच लंगडा आहे. ब्रिटनमध्ये चाळणीत सापडलेल्या प्राण्यांना कुलवार 1 ते 10 गुण देण्याची रीत बसविली गेली, आणि युरोपीय संघाच्या 2000 सालच्या जलविषयक निर्देशाने नद्यांची स्थिती ठरविताना जीवसृष्टीला प्रथम मान दिला. किड्यांवरून विषाचे नाव कळत नाही, हे आम्ही निमूटपणे कबूल करतो. त्यासाठी रसायनज्ञ हवाच. परंतु काठ सिमेंटने बांधून काढला, वाळू उपसून नेली, वाळुंज आणि शेरणी तोडली, आणि धरणाने उन्हाळ्यात धार तोडली, तर यातले काहीही बाटलीत उतरत नाही. दगडाखाली मात्र ते तत्काळ उमटते.

तेव्हा खात्याला आमची विनंती एवढीच, की छापील तक्त्यात एक रकाना वाढवावा आणि तो भरण्यासाठी पुलावरून दोरी सोडणाऱ्या माणसाला गुडघाभर पाण्यात उतरवावे.