ताम्रपटातील नाव आणि बांधलेले पाय

महाराष्ट्राच्या शासनकर्त्यांना सध्या दोन गोष्टींचा मोठा उत्साह आहे. एक शहरांची नावे बदलण्याचा, दुसरा नागरिकांना चालावयास सांगण्याचा. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले; २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. तिकडे २९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ची मोहीम दिल्लीतून सुरू झाली आणि दर २१ जूनला मैदानांवर चटया अंथरल्या जातात. वरवर पाहता या दोन उत्साहांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु दोहोंत एक सोय समान आहे. नाव बदलल्याने कोणाच्या मालकीला धक्का लागत नाही आणि उपदेश केल्याने कोणाच्या नफ्याला. वर्धा जिल्ह्यातील देवळीत उभे राहून या दोहोंचा हिशेब मांडला, तर ही सोय कोणाची आहे ते अधिक स्पष्ट दिसते.

देवळी हे वर्ध्याच्या नैर्ऋत्येस असलेले तालुक्याचे आणि कापसाचे गाव. मराठीत देवळी म्हणजे भिंतीत दिवा किंवा देव ठेवण्याचा कोनाडा. या कोनाड्यातून विदर्भाच्या इतिहासावर फार मोठा उजेड पडला आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८६२, म्हणजे इ. स. ९४० मधील ताम्रपट येथे सापडला आणि रा. गो. भांडारकरांनी तो वाचून प्रसिद्ध केला. ‘नागपुर-नंदिवर्धन’ या विषयातील, म्हणजे त्या काळच्या जिल्ह्यातील, एक गाव एका ब्राह्मणास दान दिल्याची नोंद त्यात आहे. नंदिवर्धन हे रामटेकजवळचे आजचे नगरधन, वाकाटकांची जुनी राजधानी. नागपूर या नावाचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख तो हाच. गोंड राजा बख्त बुलंदाने अठराव्या शतकाच्या आरंभी शहर वसविले, त्याच्या साडेसातशे वर्षे आधी हे नाव प्रचारात होते.

नागपूरच्या थोरवीवर बोलणारे वक्ते या ताम्रपटाचा दाखला मोठ्या अभिमानाने देतात. त्यात काय लिहिले आहे याकडे मात्र त्यांचे लक्ष नसते. दात्याचे नाव आहे, त्याच्या घराण्याची वंशावळ आहे, ज्याच्या पुण्यासाठी दान दिले त्या जगत्तुंग नावाच्या भावाचा उल्लेख आहे, दान घेणाऱ्याचे गोत्रही आहे. ते गाव ज्यांनी कसले त्यांना या पत्र्यावर जागा नाही. दानपत्रांची रीतच तशी होती. जमीन, झाडे, कर आणि दंड यांच्याबरोबर कसणारा गृहीत धरला जाई. नाव टिकले ते राजाच्या शिक्क्यामुळे, पण ज्या जमिनीला नाव होते ती जमीन पिकत होती अनाम माणसांच्या पायांवर.

नावाचा अर्थ कोण लावतो, यालाही म्हणूनच महत्त्व आहे. ‘फणींद्रपूर’ असे संस्कृत रूप देऊन कोणी सापाची फणा पुढे केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात, धर्मांतरासाठी नागपूरच का निवडले हे सांगताना, नाग लोकांची वस्ती आणि त्यांनी केलेला बुद्धधम्माचा प्रसार हे कारण दिले. ज्यांना इतिहासाने बाहेर ठेवले होते त्यांनी शहराच्या नावात आपले पूर्वज शोधले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढाही याच जातीचा होता. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधली सोळा वर्षे दलित वस्त्यांनी जाळपोळ आणि बहिष्कार सोसला. तेव्हा नावाचा प्रत्येक आग्रह पोकळ असतो, असे म्हणण्याचा उद्धटपणा कोणी करू नये. खालून मागितलेले नाव आणि वरून वाटलेले नाव यांत जो फरक आहे, तो हक्क आणि खिरापत यांतील फरक आहे.

वर्धा जिल्हा या दोन्ही प्रकारांचा साक्षी आहे. इंग्रजांनी १८६६ मध्ये जिल्ह्याचे ठाणे पालकवाडीच्या जागी आणले आणि नदीचे नाव शहराला देऊन पालकवाडी कागदावरून पुसून टाकली. शेगावच्या टपालाशी घोटाळा होऊ लागल्यामुळे १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. तेथे नाव बदलले ते काम सुरू झाल्यानंतर. सूत, शेती आणि रोजची फेरी आधी होती, पाटी मागून आली. आजचा क्रम नेमका उलटा आहे, आणि पाटीच्या मागून काहीच येत नाही. नागपूरकरांना हे वेगळे सांगावयास नको. ज्या नाग नदीने शहराला नाव दिले असे मानतात, ती शहराचे सांडपाणी वाहून नेते. नावाचा अभिमान बाळगणाऱ्या शहरात त्या नावाच्या काठाने सकाळी फिरावयास जाण्याची मात्र सोय नाही.

येथे दुसऱ्या उत्साहाकडे वळणे भाग आहे. चालण्याने आरोग्य राहते, हे खरेच आहे; त्यात वादाचे कारण नाही. हे ज्ञान प्रथम हाती आले तेही कामगारांच्या शरीरावरून. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या बसकामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसमध्ये दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे त्यातून दिसले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते, पुरुषांत ४२. पुरेशी म्हणजे आठवड्याला १५० मिनिटे, बेताच्या श्रमाची. एवढे आकडे हाती येताच उपदेशकांनी निष्कर्ष काढला की लोक आळशी झाले आहेत.

देवळीच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईसमोर हा निष्कर्ष वाचून दाखवावा. कमरेला ओटी बांधून, वाकून, उन्हात ती दिवस काढते आणि मजुरी घेते ती किलोवर. असल्या मोजणीत कामावरील श्रमही धरले जातात, म्हणजे कोष्टकात ती ‘सक्रिय’ ठरते. तिची कंबर मात्र कोष्टकाप्रमाणे वागत नाही. कोपनहेगनमधील सुमारे १ लाख ४ हजार प्रौढांच्या पाहणीत २०२१ मध्ये असे आढळले की फुरसतीच्या हालचालीने हृदयविकार व मृत्यूचा धोका घटतो, तर कामावरील जड हालचालीने तो वाढतो. मराठीला हा भेद डेन्मार्कच्या आधीपासून ठाऊक आहे. राबणे वेगळे आणि पाय मोकळे करणे वेगळे. पाय मोकळे करावयाचे तर ते आधी कोणीतरी सोडावे लागतात.

ते सोडावयाचे कोणी? २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. देवळीलाही औद्योगिक वसाहत आहे. बारा तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचा वेळ वजा केल्यावर उरलेल्या तासांत स्वयंपाक, मुले आणि झोप बसवून कामगार स्त्रीने तीस मिनिटे कोठून काढावीत, याचे गणित त्याच मंत्रिमंडळाने प्रसिद्ध करावे. एका हाताने दिवस लांबवावयाचा आणि दुसऱ्या हाताने चालण्याची पुस्तिका वाटावयाची, याला आरोग्यधोरण म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे.

विदर्भाला व्यायामाची परंपरा शिकविण्याचीही गरज नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. त्याच्या खेळाडूंनी १९३६ मध्ये बर्लिनला भारतीय व्यायामप्रकार दाखविले. देवळी स्वतः कुस्तीचे गाव आहे. येथील मल्ल रामदास तडस २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे वर्ध्याचे खासदार होते. आखाड्याची माती महिन्याची वर्गणी मागत नसे, हे त्या परंपरेचे बळ; तिच्यात बाईला आणि दिवसभर राबून आलेल्या मजुराला जागा नव्हती, हे तिचे वैगुण्य. आज शहरांतून यंत्रांच्या व्यायामशाळा निघाल्या आहेत. त्यांनी वैगुण्याचा काही भाग दूर केला आणि बळ दुकानात ठेवले.

तेव्हा देवळीतील कार्यकर्त्यांनी नावांच्या वादात घसा कोरडा करण्यापेक्षा नगरपरिषदेकडे आणि तहसीलदाराकडे जावे. शाळांची मैदाने संध्याकाळी दिव्यांसह मुलींसाठी उघडी राहतात का, हे विचारावे. नागपूर-तुळजापूर महामार्गावर पायी जाणाऱ्यासाठी किती जागा सोडली आहे, ते टेप घेऊन मोजावे. वेचणीच्या मजुरांना पाणी, सावली आणि दुपारची मजुरीसह विश्रांती मिळावी, हा आग्रह हंगाम उघडण्यापूर्वी मालकांपुढे ठेवावा. आणि औद्योगिक वसाहतीत बारा तासांची पाळी लागू करण्याची सूचना फळ्यावर येईल, त्या दिवशी फाटकावर सभा घ्यावी.