दुसऱ्याच्या ओळी

साहित्य संमेलनाचा मांडव उतरायच्या आत एक आकडा बाहेर पडतो : ग्रंथप्रदर्शनात किती कोटींची पुस्तकं खपली. रावेरच्या बाजारात केळीचा भाव निघावा तसा. चढला तर मराठी सुखरूप, पडला तर वाचनसंस्कृती खाटेवर. २०२४च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७वं संमेलन भरलं, तेव्हा खानदेशालाही हे माप लावून झालं. आकड्याशी वैर असायचं कारण नाही. तो प्रकाशकाला लागतो, विक्रेत्याला लागतो, मांडव घालणाऱ्यांना तर लागतोच. पण धुळ्या-जळगावकडचा एखादा माध्यमिक शिक्षक किंवा पंचायत समितीतली एखादी लिहिती बाई तोच आकडा घरी नेते आणि त्यावर आपलं लिहिणं जोखायला बसते, तिथे घोटाळा होतो.

कारण त्या मापाने निकाल आधीच लागलेला असतो. कवितासंग्रह काढायचा तर बहुतेकदा पैसे कवीनेच भरायचे. तीनशे-पाचशे प्रती निघतात. त्यांतल्या कितीतरी 'सप्रेम भेट' जातात, काही पुरस्कारांच्या प्रवेशिकांबरोबर, उरलेल्या पलंगाखाली. मग दुसरं चलन धरलं जातं : शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि त्या सगळ्याचा फेसबुकवर फोटो. खपाऐवजी सत्कार मोजायचे, एवढाच काय तो फरक. मोजणारा दोन्हीकडे बाहेरचाच.

अशा वेळी समजूत घालायला हमखास बहिणाबाईंना बोलावलं जातं. असोद्याच्या माहेरवाशीण, अक्षरओळख नाही, ३ डिसेंबर १९५१ला गेल्या आणि 'बहिणाबाईंची गाणी' आली १९५२ साली. हयातीत खपलेल्या प्रती शून्य. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. 'बघा, आपलंही नंतर कळेल लोकांना,' असं म्हणत प्रत्येक पडेल संग्रहाचा धनी स्वतःला त्यांच्या रांगेत उभा करतो. ही समजूत लबाड आहे. मेल्यानंतरची कीर्ती म्हणजे उधारीवरचा खपच. माप तेच, फक्त वसुली पुढे ढकललेली. बहिणाबाईंनी कशाची वाट पाहिली असेल असं त्यांच्या गाण्यांत कुठेच दिसत नाही. हाताला जातं असताना, शेतात राबताना ओळ यायची, ती म्हटली जायची. ना वही, ना प्रकाशक.

त्यांच्यापेक्षा आम्हाला इथे त्यांच्या मुलाकडे, सोपानदेव चौधरींकडे बघावंसं वाटतं. ते स्वतः कवी, 'काव्यकेतकी'चे कर्ते. त्यांनी आणि मावसभाऊ पितांबर चौधरींनी बहिणाबाईंची गाणी कानाने टिपून कागदावर उतरवली. ते बाड सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांपुढे ठेवलं, अत्र्यांनी ते उचलून धरलं, प्रस्तावना लिहिली. परिणाम काय झाला? मुलगा कायमचा आईच्या सावलीत गेला. आज शाळकरी पोरांना आईच्या ओळी पाठ असतात. मुलाचा संग्रह किती जणांनी हातात धरलाय? आणि तरी या माणसाला अयशस्वी लेखक म्हणायची कुणाची छाती होईल? मराठी कवितेला त्याने जे मिळवून दिलं, ते त्याच्या स्वतःच्या नावावर जमा होण्यातलं नव्हतंच.

खानदेशाचा हा एक विशेषच म्हणायला हवा. इथल्या मोठ्या वाङ्मयीन कामांपैकी कितीतरी कामं दुसऱ्याच्या शब्दांसाठी झाली आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा अध्याय. समोर बसून साने गुरुजी ते उतरवून घेत होते. 'गीता प्रवचने' पुढे अनेक भाषांत गेलं, पण त्यावर नाव विनोबांचं. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींच्या याच हाताने पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. तिच्या खपाबद्दल बोलायलाच नको. म्हणजे खपणारं पुस्तक लिहू शकणारा माणूसही लेखनिक होऊन बसायला कमीपणा मानत नव्हता. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं हुडकत हिंडले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड त्यातून उभे राहिले. ते १९२६च्या अखेरीस धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या कागदपत्रांसाठी १९२७ साली तिथे राजवाडे संशोधन मंडळ निघालं. ते खंड हौसेने विकत घेऊन वाचणारे किती असतील ते असोत. मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणाऱ्याला त्यांना वळसा घालून जाता येत नाही.

आणि आपल्या डोळ्यांदेखतचं उदाहरण पुरुषोत्तम पाटलांचं. पु. पाटील चांगले कवी होते, 'तळ्यातल्या साउल्या' हा त्यांचा संग्रह. पण त्यांचे स्वतःचे संग्रह मोजकेच. १९८५ साली त्यांनी धुळ्यातून 'कविता-रती' सुरू केलं. फक्त कवितेला वाहिलेलं द्वैमासिक, तेही पुण्या-मुंबईच्या बाहेरून. ज्यांनी कधी नियतकालिकाचा एक अंक काढलाय त्यांनाच यातलं ओझं कळेल. आलेल्या कवितांचे गठ्ठे वाचायचे, त्यांतून निवड करायची, मुद्रितं तपासायची, वर्गण्या संपलेल्यांना आठवण करायची, टपालाचं बघायचं, आणि हे झालं की लगेच पुढच्या अंकाला लागायचं. २०१७च्या जानेवारीत ते गेले. तीस वर्षांहून जास्त काळ, तालुक्याच्या गावातून पहिली कविता पाठवणाऱ्याला आपली ओळ नामवंतांच्या शेजारी छापलेली दिसू शकेल अशी जागा त्यांनी राखली. त्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या किती कविता बाजूला सारल्या असतील, हा हिशेब कुणी मांडलेला नाही. त्यांनीही मांडला नाही.

'मग सगळ्यांनी काय संपादक व्हायचं?' असं कुणी विचारील. नाही. पण आपलं माप आपण ठरवावं म्हणजे काय, ते या माणसांनी करून दाखवलं आहे, आणि त्याची साधी, घरगुती रूपंही आहेत. कापूसवेचणीवर कथा लिहिली असेल तर ती वेचणीला जाणाऱ्या बाईला वाचून दाखवावी. ती कुठे अडवते ते बघावं. तिने न अडवता शेवटपर्यंत ऐकली, तर त्यापुढे परीक्षकांचं मत दुय्यम. जळगावच्या व. वा. वाचनालयात किंवा धुळ्याच्या गरुड वाचनालयात आपलं पुस्तक असेल तर ते उघडून मागे चिकटवलेल्या कागदावरच्या तारखा पाहाव्यात. एक प्रत चाळीस घरं फिरून येते. प्रकाशकाच्या वहीत ती एकच. वर्गातल्या एखाद्या पोराने आपलं वाचून स्वतःच्या बोलीत, अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत, चार ओळी खरडल्या आणि त्या आपण नीट वाचल्या, तर त्या वर्षी आपण काहीच छापलं नाही याची खंत करायचं कारण नाही.

हे बोलताना एक धोका आम्हाला दिसतो, आणि तो बारीक नाही. 'साहित्याचं यश पैशांत मोजू नये' हे वाक्य सर्वांत आवडतं कुणाला? मानधन बुडवणाऱ्यांना. कार्यक्रमाला बोलावून एसटीचं भाडंही न देणारे आयोजक, आवृत्ती संपली की नाही हे लेखकाला कधीच न कळवणारे प्रकाशक, फुकट लेख मागून वर 'तुम्हाला व्यासपीठ मिळतंय' म्हणणारे दिवाळी अंकवाले, हे सगळे या वाक्याला टाळ्या वाजवतील. त्यांच्यासाठी हे स्फुट नाही. विकलेल्या प्रतींचा हिशेब आणि ठरलेला मोबदला ही लेखकाच्या यशाची व्याख्या नसेल, पण ती प्रकाशकाची देणेदारी आहे. लेखकाने स्वतःला कशानेही मोजावं, मार्चअखेर रॉयल्टीचं पत्रक त्याच्या घरी पोहोचलंच पाहिजे, मग त्यावर सात प्रती लिहिलेल्या असोत की सात हजार.