दयेच्या पाळ्या

संत विन्सेंट डी पॉल या फ्रेंच धर्मगुरूंनी १६१७ मध्ये शातियों गावातील एका आजारी कुटुंबासाठी प्रवचनातून आवाहन केले, तेव्हा एकाच दिवशी नासून जाईल इतके अन्न गोळा झाले आणि म्हणून त्यांनी गावातील स्त्रियांच्या पाळ्या लावून दिल्या. त्यांच्या नावाने फ्रेडरिक ओझानाम व सोबत्यांनी १८३३ मध्ये पॅरिसला सुरू केलेली संस्था १८६३ मध्ये पुण्यात आली. तिच्या ‘कॉन्फरन्स’मध्ये, म्हणजे बहुधा एका धर्मग्रामातील, अर्थात एका चर्चच्या कार्यक्षेत्रातील, सभासदांच्या गटात, बैठकीत गुप्तदानाची पिशवी फिरते आणि सभासद जोडीने गरजूंच्या घरी जातात. पिशवीपेक्षा ही गृहभेटच महत्त्वाची मानावी लागते, कारण घरात किराणा संपला आहे, औषध थांबले आहे की मुलाची फी थकली आहे, हे चर्चच्या कचेरीत बसून (अर्जांचा गठ्ठा कितीही मोठा असला तरी) कळत नाही.